एचओ डिझेल इंजिनात डीसीसी डीकोडर : वायरिंग, सीव्ही आणि दमट हवेतले सांधे

मांडवी_किनारा

मॉडेल रेल्वेचं जुनं, डीसीवर चालणारं एचओ (खऱ्याच्या १/८७ मापाचं) इंजिन डीसीसीवर, म्हणजे रुळातूनच आकडी हुकूम देणाऱ्या पद्धतीवर, कसं आणायचं याची माहिती इथे दहा धाग्यांत विखुरलेली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. इंजिनाच्या आतलं मी लिहितो. रुळांखालचं वायरिंग आणि पावसाळा यांवर जाणकारांनी भर घालावी.

डीसीमध्ये रुळावरचा व्होल्टेज थेट मोटरला मिळतो. डीसीसीमध्ये इंजिन उभं असलं तरी रुळावर सतत १४-१५ व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटत असते. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असली तर तो १, १०० किंवा त्याहून मोठी असली तर ०. डीकोडर, म्हणजे इंजिनात बसवायचा छोटा सर्किट बोर्ड, त्याच दोन रुळांतून वीजही घेतो आणि हुकूमही, आणि मोटर तोच फिरवतो. त्यामुळे मोटर आणि रूळ यांच्यामध्ये डीकोडर सोडून दुसरी कुठलीही वाट उरता कामा नये. डीकोडर जळण्याचं सर्वात नेहमीचं कारण हेच आहे. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश धातूच्या चासीला टेकलेला असतो आणि चासी एका रुळाला जोडलेली असते. अशा इंजिनात डीकोडर बसवून रुळावर ठेवलं की रुळाचे १५ व्होल्ट डीकोडरच्या मोटरकडच्या टोकातून आत शिरतात. मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर तेवढ्यात जातात आणि ते दुरुस्त होत नाहीत.

म्हणून पहिलं काम मोटर सुटी करण्याचं.

बॉडी काढा. मोटरला जोडलेल्या सगळ्या वायरी आणि पितळी पट्ट्या काढा. ब्रशांमध्ये लावलेला कपॅसिटर कापून टाका. तो रेडिओत खरखर येऊ नये म्हणून असतो, पण डीकोडर मोटरला फार जलद चालू-बंद करून वेग ठरवतो आणि हा कपॅसिटर त्यात अडथळा आणतो. खालचा ब्रश चासीला टेकत असेल तर मोटर उचलून तिच्याखाली कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणारी पातळ टेप) दोन थर द्या. काळी पीव्हीसी टेप वापरू नका. उष्णतेने तिचा गोंद ओघळतो आणि काही महिन्यांत टेप सरकते. मोटर धातूच्या स्क्रूने बसवलेली असेल तर नायलॉनचा स्क्रू घाला.

आता मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक बाजूची चाकं अशा चारही जोड्या तपासा, मग प्रत्येक ब्रश आणि चासी. कुठेही बीप येता कामा नये. त्यानंतर मीटर २०० किलोओहमवर ठेवून हेच पुन्हा करा, कारण ब्रशच्या कार्बनची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून जो अर्धवट रस्ता तयार होतो तो बीपला कळत नाही. शेवटी मोटर हाताने फिरवत आणि बोगी (चाकांची फिरती चौकट) पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवत एकदा पाहा. सरळ रुळावर ठीक असणारी पट्टी वळणावर चासीला टेकते.

वायरींचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून. केशरी आणि राखाडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. निळी सगळ्या दिव्यांची सामाईक धन. हिरवी आणि जांभळी जादा कामांसाठी. उजवं-डावं म्हणजे इंजिन पुढे जात असताना ड्रायव्हरच्या जागेवरून दिसणारं.

निळ्या वायरीवर साधारण १३ व्होल्ट असतात. पांढऱ्या एलईडीला ३ लागतात, १० उरतात. १ किलोओहमने १० मिलिअँपिअर जातात, २.२ किलोओहमने साडेचार. हल्लीच्या एलईडींना साडेचारही भरपूर होतात. पाव वॅटचा रेझिस्टर चालतो. एलईडीचं धन टोक निळीला, ऋण टोक पांढऱ्या किंवा पिवळीला, आणि प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर. जुन्या बल्बचं एक टोक चासीला असतं, तेही तोडलंच पाहिजे.

पडवीतला_लेआउट

फार उपयोगी. दोन प्रश्न. डीकोडर किती अँपिअरचा घ्यावा हे कसं ठरवायचं? माझ्याकडे जुनी, बोगीतच गोल चपटी मोटर असलेली इंजिनं आहेत. आणि ज्या इंजिनात आधीपासून ८ पिनांचं सॉकेट आहे त्यात हे सगळं करावं लागतं का?

मांडवी_किनारा

@पडवीतला_लेआउट, मोटर अडवून मोजायची. १२ व्होल्ट डीसी द्या, मालिकेत मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा, चाकं बोटांनी घट्ट धरा आणि एका सेकंदात आकडा वाचून सोडून द्या. जास्त वेळ धरलं तर मोटरची गुंडाळी तापते. हा आकडा डीकोडरच्या क्षणिक मर्यादेच्या आत हवा आणि गाडी ओढतानाचा प्रवाह सततच्या मर्यादेच्या बराच खाली. एचओचे बरेच डीकोडर सतत १ अँपिअर आणि क्षणभर २ अँपिअर देतात. चपट्या मोटरी याच्या काठावर असतात. आकडा जास्त आला तर लगेच मोठा डीकोडर शोधू नका. आधी कम्युटेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, त्याच्या खाचांमधला कार्बन लाकडी टूथपिकने काढा, मग पुन्हा मोजा. तरीही जास्तच असेल तर चुंबक उतरलेलं असण्याचा संभव आहे. चुंबक कमजोर झालं की मोटर जास्त प्रवाह खाते आणि ओढते मात्र कमी.

सॉकेटवालं इंजिन असेल तर मोटर कारखान्यातूनच सुटी असते. तरी एकदा मीटर लावाच, वापरलेलं इंजिन असेल तर नक्कीच.

नऊमिमी

८ पिनांच्या सॉकेटचा क्रम इथे नोंदवून ठेवतो. १ केशरी, २ पिवळी, ३ हिरवी, ४ काळी, ५ राखाडी, ६ पांढरी, ७ निळी, ८ लाल. सॉकेटवर १ कुठे आहे ते लिहिलेलं असतं किंवा त्या कोपऱ्यात खूण असते. हा क्रम मुद्दाम असा ठेवलेला आहे की प्लग उलटा बसला तरी मोटरच्या दोन वायरी आपसांत बदलतात, रुळाच्या दोन आपसांत बदलतात आणि निळी हिरवीच्या जागी जाते. म्हणून इंजिन धावतं पण दिवे लागत नाहीत. असं झालं तर दिव्यांचं वायरिंग उकरत बसू नका, प्लग काढून फिरवून घाला.

मोटर उलट फिरते पण दिवे बरोबर दिशेने लागतात असं झालं तर केशरी आणि राखाडी हातानेच बदलावी लागते. सीव्ही २९ (सीव्ही म्हणजे डीकोडरमध्ये साठवलेला एकेका सेटिंगचा आकडा) मधली दिशा बदलली तर मोटर आणि दिवे दोन्ही एकदम उलटतात, त्याने हे सुटत नाही.

एन स्केलवाल्यांसाठी (एचओहून लहान, ९ मिमी रुळांचं माप) : चासीचे दोन अर्धे हेच दोन रूळ असतात आणि मोटरच्या पट्ट्या त्यांच्यात चिमटलेल्या असतात. दोन्ही अर्ध्यांत मोटरच्या जागी कॅप्टॉन टेप लावा. अर्धे जोडणारे स्क्रू ज्या प्लास्टिकच्या बाह्यांमधून जातात त्या हरवू नका, त्या नसल्या तर दोन्ही रूळ आतच शॉर्ट होतात. रुळावर १२ व्होल्टच ठेवा.

गाडीवालो_कुडाळचो

मोटर आधी सुटी करा, मगे बाकीचा. वर सांगितलेला अगदी बरोबर आसा. मी पुढचं लिहितो, पहिल्यांदा वीज देतानाचं.

डीकोडर बसवलेलं इंजिन पहिल्यांदा मुख्य रुळावर कधीच ठेवू नये. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर (सीव्ही वाचण्या-लिहिण्यासाठीचा वेगळा तुकडा) ठेवावं. प्रमाणानुसार तिथे प्रवाह २५० मिलिअँपिअरवर बांधलेला असतो, म्हणून वायरिंग चुकलेलं असलं तरी डीकोडर वाचण्याची शक्यता बरीच राहते. मुख्य रुळावर कंट्रोल स्टेशन (रुळाला वीज आणि हुकूम देणारं यंत्र, पुढे नुसतं "स्टेशन") ३ किंवा ५ अँपिअर ओतायला तयार असतं. आधी सीव्ही १ वाचून बघा. नवा डीकोडर ३ हे उत्तर देतो. उत्तर आलं म्हणजे रूळ, चाकं, डीकोडर, मोटर ही सगळी साखळी जुळली, कारण डीकोडर उत्तर देतो तो मोटरला क्षणभर धक्का देऊनच. प्रवाह ६० मिलिअँपिअरने ६ मिलिसेकंद वाढला की स्टेशन ते "हो" समजतं. वाचताना इंजिन जरासं उसळतं ते त्यामुळे.

उत्तर येत नसेल तर याच क्रमाने बघा : चाकं मळलेली आहेत का, मोटरची एखादी वायर सुटली आहे का, मोटर इतकी कमी खाणारी आहे का की ६० मिलिअँपिअर भरतच नाहीत, आवाजाच्या डीकोडरचे किंवा स्टे-अलाइव्हचे (रुळाची वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा साठा) कपॅसिटर प्रोग्रॅमिंगचा सगळा प्रवाह गिळत आहेत का. शेवटच्या बाबतीत कपॅसिटर तात्पुरता सोडवा किंवा मुख्य रुळावरून, इंजिनाचा पत्ता देऊन, सीव्ही लिहा. लिहिता येईल, फक्त वाचता येणार नाही, रेलकॉम (डीकोडरने रुळातून उलट माहिती पाठवायची सोय) असल्याखेरीज. मात्र ज्या स्टेशनला प्रोग्रॅमिंगची वेगळी जोडणी नाही तिथे रुळावर एकच इंजिन ठेवा. प्रोग्रॅमिंगचा हुकूम पत्ता बघत नाही, रुळावर असतील नसतील तेवढ्या सगळ्यांचे पत्ते तो बदलून टाकतो.

आता पत्ता. आपल्या इंजिनांचे नंबर पाच आकडी आणि डीसीसीचा मोठा पत्ता १०२३९ पर्यंतच जातो, म्हणून शेवटचे चार आकडे घ्यायचे. समजा पत्ता २३४५. २३४५ ला २५६ ने भागा : भागाकार ९, बाकी ४१. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ९ म्हणजे २०१, सीव्ही १८ मध्ये ४१. आधी १७, मग १८, मग सीव्ही २९. डीकोडरप्रो (जेएमआरआय या संगणकावरच्या सॉफ्टवेअरचा भाग) वापरत असाल तर ते हे हिशेब करून देतं, पण स्टेशनवरून हाताने लिहिताना हे लागतं.

सीव्ही २९ ही बेरीज आहे. उलट दिशा १, वेगाच्या २८/१२८ पायऱ्या २, डीसीवर चालू देणं ४, रेलकॉम ८, वेगाचा तक्ता १६, मोठा पत्ता ३२. मोठा पत्ता आणि २८/१२८ पायऱ्या, डीसी बंद : ३२ + २ = ३४. डीसी चालू ठेवलं तर ३८. घरी डीसी वापरतच नसाल तर ती सोय बंदच ठेवा. रुळावर शॉर्ट झाला किंवा सिग्नल विस्कटला की डीकोडर कधीकधी त्याला डीसी समजतो आणि इंजिन पूर्ण वेगाने सुटतं.

पडवीतला_लेआउट

डीकोडरला मोठा पत्ता दिला, पण तो ना त्याला ऐकतो ना ३ ला. असं कशाने होतं?

गाडीवालो_कुडाळचो

बहुतेक वेळा १७ आणि १८ लिहिले पण २९ मध्ये ३२ मिळवायचे राहिले असं असतं, तेव्हा तो अजून छोट्या पत्त्यावरच असतो. ३ लाही ऐकत नसेल तर सीव्ही १९ वाचा. तिथे शून्याखेरीज काही असेल तर इंजिन दोन इंजिनांच्या जोडीच्या पत्त्यावर बांधलेलं आहे आणि तोपर्यंत वेगाचे हुकूम स्वतःच्या पत्त्यावर घेत नाही. तिथे ० लिहा. त्यानेही नाही झालं तर रीसेट. अनेक कंपन्यांत सीव्ही ८ मध्ये ८ लिहून होतो, काहींत सीव्ही ३० मध्ये २. रीसेटनंतर पत्ता पुन्हा ३.

डाख_आणि_दोरा

रुळांखालचं मी घेतो. लेआउट भिंतीकडेने लांबलचक असेल तर उजवा-डावा रूळ असं लिहू नका, दोन महिन्यांनी स्वतःलाच कळत नाही. एकाला "दर्याकडचा" आणि दुसऱ्याला "डोंगराकडचा" म्हणा, लाल वायर दर्याकडे, काळी डोंगराकडे, आणि खालून प्रत्येक वायरीवर तशी चिठ्ठी लावा. गोल लेआउटला आतला-बाहेरचा.

मुख्य वायर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी घरगुती वायरिंगची, २.५ चौरस मिमीची, अनेक तारांची. ती का, ते हिशेबाने बघा. २.५ च्या तांब्याला मीटरला सुमारे ०.००७५ ओहम. १० मीटर लांब लेआउटला जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.१५ ओहम, ३ अँपिअरला अर्ध्या व्होल्टहूनही कमी घट. हीच वायर ०.७५ ची घेतली तर ०.५ ओहम आणि दीड व्होल्ट घट. वेग जरा कमी झाला तर चालेलही, खरा धोका शॉर्टच्या वेळी आहे. वाटेतला अडथळा जास्त असला की प्रवाह स्टेशनच्या कटऑफच्या (वीज आपोआप कापण्याच्या) आकड्यापर्यंत पोचतच नाही आणि तेवढे सगळे अँपिअर एखाद्या चाकाच्या पट्टीतून वाहत राहतात. बोगीचं प्लास्टिक वितळतं ते असं.

म्हणून नाण्याची चाचणी. रुपयाचं किंवा दोन रुपयांचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा, लेआउटच्या सगळ्यात लांबच्या टोकाला आणि प्रत्येक सायडिंगमध्ये. स्टेशनने ताबडतोब कापलं पाहिजे. कापलं नाही तर तिथे फीडर (मुख्य वायरीपासून रुळापर्यंतच्या जोडवायरी) कमी आहेत किंवा सांधा कच्चा आहे. फीडर वाढवा. कटऑफचा आकडा कमी-जास्त करून हा दोष झाकू नका.

फीडर ०.५ चौरस मिमीचे, एक वीतभर लांब, फ्लेक्सी (हव्या तशा वाकणाऱ्या) रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचा. जोडपट्टीचं काम दोन रूळ सरळ रेषेत धरणं एवढंच समजा. वीज वाहून नेण्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

डाख (सोल्डर) लावताना रुळाला ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री, डीकोडरच्या वायरींना २५ ची. रुळाला मोठी इस्त्री यासाठी की दोन-तीन सेकंदांत काम होतं. लहान इस्त्री पंधरा सेकंद टेकवून ठेवली की स्लीपर वितळतात. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओला कापूस ठेवा. तार ६०/४० ची, ०.८ मिमी, राळेचा फ्लक्स असलेली. पत्रा डाखायचं तेजाब इथे अजिबात नको. कितीही पुसलं तरी थोडं उरतंच, आणि आपल्या हवेत ते ओलावा ओढून वर्षभरात बारीक तार कळंकाने खाऊन टाकतं.

सोळा_पूर्णांक_पाच

@डाख_आणि_दोरा, मुख्य वायर १० मीटरच्या पुढे जात असेल तर टोकाला स्नबरही हवा. वायरी पिळून घ्यायच्या, मीटरला आठ-दहा पीळ, आणि शेवटी दोन्हींच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत. लांब वायरीत लाट उलटताना व्होल्टेज क्षणभर बराच वर उसळतो, तो यात जिरतो.

इथे पाव वॅटचा रेझिस्टर लावलेला दिसतो. तो करपतो. कारण : १५ व्होल्टला कपॅसिटर प्रत्येक वेळी उणे १५ पासून अधिक १५ पर्यंत, म्हणजे ३० व्होल्ट, फिरतो. दर पलटीला ४५ मायक्रोज्यूल रेझिस्टरमध्ये जातात आणि पलट्या सेकंदाला १७ हजारांपर्यंत होतात. पाऊण वॅट झाला. २ वॅटचाच लावा, कपॅसिटर १०० व्होल्टचा, आणि लाकडापासून जरा उचलून ठेवा.

रुळावरचा व्होल्टेज साध्या मीटरच्या एसीवर मोजू नका, या लाटेला तो भलताच आकडा दाखवू शकतो. चार डायोडचा ब्रिज रुळाला लावा, त्याच्या बाहेर डीसी मोजा आणि १.४ मिळवा.

चिपळूण_लूप

स्टेशन घरी बनवणाऱ्यांसाठी. डीसीसी-ईएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर, अर्डुइनो मेगा २५६० आणि अर्डुइनोची मोटर शील्ड एवढ्यावर चालतं. एक चॅनल मुख्य रुळाला, दुसरा प्रोग्रॅमिंगला. मोबाइलवर इंजिन ड्रायव्हर हे ॲप. तीन गोष्टींवर लोक अडकतात.

पहिली : शील्डवर व्हीआयएन नावाची जोड असते, ती कापावी लागते. न कापता शील्डला १५ व्होल्ट दिले तर तेच मेगाच्या रेग्युलेटरवर जातात. त्याची शिफारस ७ ते १२ ची आहे. तो तापून जातो, कधी मेगालाही सोबत नेतो. कापल्यावर मेगाला यूएसबीतून वेगळी वीज द्या.

दुसरी : या शील्डवरची एल२९८ ही चिप स्वतःच साधारण २ व्होल्ट खाते. १२ चा सप्लाय घेतला तर एचओला रुळावर १० उरतात आणि इंजिन मंद पडतं, आवाजाचा डीकोडर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. १५ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस घ्या. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा नको, डीकोडर जळेलच असं नाही पण विनाकारण तापेल. शील्ड चॅनलमागे २ अँपिअरची आहे, म्हणजे दोन-तीन इंजिनं. छोटा पंखा लावा.

तिसरी : जास्त ताकद हवी म्हणून बाजारात ४३ अँपिअर लिहिलेलं ड्रायव्हर बोर्ड मिळतं. ते रुळाला थेट लावू नका. मध्ये ३ ते ५ अँपिअरला कापणारा इलेक्ट्रॉनिक ब्रेकर असलाच पाहिजे. साधा काचेचा फ्यूज इतक्या जलद उडत नाही.

आणि लाइट. आपल्याकडे ती न सांगता जाते. डीकोडरमधले सीव्ही त्यात पुसले जात नाहीत. नुकसान होतं ते, जेएमआरआय रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवत असाल तर, त्याच्या कार्डाचं, लिहिता लिहिता वीज गेली तर. पाय आणि राउटर छोट्या यूपीएसवर ठेवा आणि जेएमआरआयमधली इंजिनांची यादी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. रुळाचा सप्लाय मात्र यूपीएसवर नको. लाइट गेली की गाड्या थांबलेल्याच बऱ्या.

पडवीतला_लेआउट

स्टे-अलाइव्हचा उल्लेख वर आला. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर पुरतो का? पॉइंटच्या (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा) प्लास्टिकच्या नाकावर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, छोटं शंटिंग इंजिन थांबतं, त्यासाठी हवा आहे.

सोळा_पूर्णांक_पाच

त्या कामाला पुरत नाही. मोटर १०० मिलिअँपिअर खाते आणि १३ व्होल्टांपासून ८ पर्यंत उतरेतो डीकोडर चालतो असं धरा. १००० मायक्रोफॅरड गुणिले ५ भागिले ०.१, म्हणजे ०.०५ सेकंद. धुळीच्या कणावरून जाताना दिवा लुकलुकणं याने थांबेल. ३० मिमीचं मुकं नाक शंटिंगच्या वेगाने ओलांडायला एक सेकंद लागतो.

त्यासाठी सुपरकपॅसिटर. २.७ व्होल्टचे, १ फॅरडचे, ६ नग मालिकेत : १६.२ व्होल्ट आणि ०.१६७ फॅरड. वरच्याच हिशेबाने ८ सेकंद. पाच लावले तर मर्यादा १३.५ येते, निळ्या वायरीवर १३ आहेत, एवढ्या काठावर मी ठेवणार नाही.

आणि इथे तो रेझिस्टर. कपॅसिटर रिकामा असताना भरमसाट प्रवाह ओढू नये म्हणून १०० ओहम मालिकेत लावतात, त्याला समांतर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू डीकोडरकडे, म्हणजे भरताना वीज रेझिस्टरमधून येते आणि देताना डायोडमधून जाते. १००० मायक्रोफॅरड असेल तर भरणं अर्ध्या सेकंदात आटोपतं, पाव वॅट चालतो. सुपरकपॅसिटरला मात्र सुरुवातीला १३ व्होल्ट १०० ओहमवर, म्हणजे १.७ वॅट, आणि हे पंधरा-वीस सेकंद हळूहळू उतरत राहतं. पाव वॅटचा रेझिस्टर बॉडीच्या प्लास्टिकला टेकून तापत राहील. २२० ओहम, १ वॅट लावा.

धन टोक निळीला. ऋण टोक डीकोडरच्या ग्राउंडला, काळ्या वायरीला नव्हे. काळी हा रूळ आहे, तिच्यावर दिशा सतत उलटते, कपॅसिटर फुगून फुटतो. उत्पादकाच्या आकृतीत ग्राउंड दाखवलेला नसेल तर त्या डीकोडरला हा प्रयोग नको.

डाख_आणि_दोरा

हिशेब मान्य. पण पॉइंटच्या नाकावर थांबणाऱ्या इंजिनाला आठ सेकंदांची शिदोरी देण्याआधी ते नाकच जिवंत करावं असं माझं ठाम मत आहे. धातूचं नाक असलेला पॉइंट घ्या, नाकाला वायर डाखा आणि पॉइंट मोटरच्या स्विचने ती वळणानुसार दर्याकडच्या किंवा डोंगराकडच्या रुळाला जोडा. एकदाच करायचं काम. स्टे-अलाइव्ह प्रत्येक इंजिनात बसवावा लागतो, आणि वीज तोडून थांबवायचं म्हटलं तर इंजिन तोवर पुढे जाऊन बफर गाठतं.

सोळा_पूर्णांक_पाच

थांबवण्याचा मुद्दा बरोबर आहे. चार चाकांच्या इंजिनाला तरीही दोन्ही हवेत. सहा ॲक्सलच्या डिझेलला सगळ्या चाकांतून वीज घेतलेली असेल तर काहीच नको.

मांडवी_किनारा

पावसाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आपल्याकडे दोष निघतात ते बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच.

जांभ्याची भिंत पावसात पाणी धरते. लेआउटचं लाकूड भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, मागून हवा खेळू द्या. टर्मिनल पट्टी भिंतीवर न लावता लाकडावर लावा. स्क्रूच्या टर्मिनलमध्ये वायरीचं टोक डाखून घालू नका. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. फेरूल दाबून घाला. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या, खारी हवा तांब्यापर्यंत पोचत नाही.

रूळ पॉलिश पेपरने कधीच घासू नका. प्रत्येक ओरखड्यात मळ बसतो आणि दर वेळी जास्त घासावं लागतं. मिनरल टर्पेंटाइनने पुसा, मग कोरड्या सुती फडक्याने, मग चित्रकलेच्या दुकानात मिळणारी ग्राफाइटची कांडी रुळाच्या आतल्या कडेवरून एकदाच फिरवा. हात हलका ठेवा, जास्त लागलं तर चढावर चाकं घसरतात.

बंद कपाटातल्या इंजिनांसाठी सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून पुन्हा वापरता येतात, पुडीतून दाणे काढून. डीकोडरवरचं प्लास्टिकचं आवरण काढू नका.

वाळू. बॅलस्ट म्हणून मांडवीची काळी वाळू चाळून घालायचा मोह होतो, दिसते छान. घालू नका. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे कण असतात. मॅग्नेटाइट चुंबकाला धावून चिकटतं, मोटरच्या चुंबकाला आणि स्पीकरच्याही. ते कण आर्मेचर आणि चुंबकाच्या फटीत घासत राहतात. शिवाय वाळूत मीठ, म्हणजे दोन रुळांमध्ये कायमचा ओलावा. कुठलंही बॅलस्ट घालण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक ठेवून त्यातून दोन-चारदा फिरवा. पिशवीला काही चिकटलं तर ते बॅलस्ट बाद.

नऊमिमी

उंदीर. पीव्हीसी कुरतडतात. लेआउटखालच्या वायरी घरगुती केसिंग पट्टीत घाला, लोंबत्या ठेवू नका.

पडवीतला_लेआउट

आवाजाबद्दल एक. कोकण रेल्वेची २०२२ च्या आधीची, विजेच्या तारा नसलेली मांडणी करतो आहे. रो-रोला (ट्रक वाहून नेणारी मालगाडी) डब्ल्यूडीजी-३ए आणि प्रवासी गाडीला डब्ल्यूडीपी-४डी. भारतीय इंजिनांच्या आवाजाच्या फाइली सहज मिळत नाहीत.

चिपळूण_लूप

इंजिनाच्या आत कुठलं यंत्र आहे ते बघायचं. डब्ल्यूडीजी-३ए मध्ये १६ सिलिंडरचं अल्को २५१ आहे, म्हणून अमेरिकन अल्कोच्या २५१ ची कुठलीही १६ सिलिंडरची फाइल चालते. डब्ल्यूडीपी-४डी मध्ये ईएमडीचं १६ सिलिंडरचं ७१० आहे, त्याला अमेरिकन एसडी७० ची घ्या. हॉर्न मात्र वेगळा निवडा, अमेरिकन हॉर्न कानाला लगेच खटकतो. स्पीकर डीकोडरवर लिहिलेल्या ओहमचाच, ४ किंवा ८, आणि मागे हवाबंद डबी हवीच. डबी नसली तर पुढची-मागची लाट एकमेकींना मारतात आणि अल्कोची धडधड पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू येते.

पिवळसर फ्लॅशर दिवा हिरव्या वायरीवर घ्या आणि उघडमीट डीकोडरच्या दिव्याच्या परिणामांत निवडा, ते सीव्ही कंपनीनुसार वेगळे. रो-रोच्या जड गाडीला सीव्ही ३ (वेग पकडण्याचा वेळ) मध्ये २० च्या आसपास ठेवा. एनएमआरएच्या (अमेरिकेची मॉडेल रेल्वे संघटना) सूत्राने ती संख्या गुणिले ०.८९६ एवढे सेकंद शून्यापासून पूर्ण वेगाला लागतात, म्हणजे १८ सेकंद. काही कंपन्यांचा गुणक वेगळा असतो, पुस्तिका बघा. सीव्ही ४ (वेग उतरण्याचा वेळ) त्याहून बराच कमी, नाहीतर स्टेशनात गाडी फलाट सोडून पुढे जाते.

पडवीतला_लेआउट

आणि दोन्ही टोकांना परतीचे लूप घेतले तर? डीसीसीमध्ये दिशा रुळावर अवलंबून नाही, मग चालायला हवं ना?

गाडीवालो_कुडाळचो

इंजिनाची दिशा रुळावर अवलंबून नाही, शॉर्ट मात्र होतोच. लूपमधून फिरून आल्यावर दर्याकडचा रूळ डोंगराकडच्याला येऊन भिडतो. लूपच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ कापा, म्हणजे एकूण चार फटी, आणि मधल्या भागाला ऑटो-रिव्हर्सर (शॉर्ट जाणवताच त्या भागाची वीज उलटवणारं यंत्र) लावा. मधला भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा, कारण पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी दोन्ही फटींवर आली तर रिव्हर्सरला कुठल्याच बाजूने सुटका नसते. रिव्हर्सरचा कटऑफ स्टेशनपेक्षा कमी ठेवा, नाहीतर तो पलटायच्या आत स्टेशनच बंद पडतं. एका तोंडाच्या दोन फटी अगदी समोरासमोर कापा. आणि फटीत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून रुळाच्या आकारात घासून घ्या. उन्हाळ्यात रूळ वाढतो आणि अर्ध्या मिलिमीटरची उघडी फट मे महिन्यात मिटते.